‘द्वारका’ बोट ते दुमजली विमान: एमिरेट्स भरली कोणी?

खाडीकाठ

मे महिन्यात आमच्याकडे लग्न होतं (दाभोळ खाडीच्या दक्षिण अंगाला, गावाचं नाव राहू दे). दुबईहून नऊ माणसं आली. जेवणं उरकून पडवीत पानसुपारी चालली होती, तेव्हा धाकटा भाचा म्हणाला, "मामा, एमिरेट्स दुबईने ब्रिटिशांकडून विकत घेतली ना?" मी म्हटलं, विकत कसली, सुरुवातीची विमानं भाड्याची होती, आणि तीही पाकिस्तानची. अर्धी पडवी हसली, उरलेल्या अर्धीला वाटलं मी फेकतोय. तिथे नीट सांगायला मिळालं नाही, विहीणबाई हाका मारत होत्या. म्हणून इथे लिहितो.

१९८५ पर्यंत दुबईला स्वतःची विमान कंपनीच नव्हती. आखातात चालायची ती गल्फ एअर. तिचे मालक चार: बहारीन, कतार, ओमान आणि अबू धाबी. दुबई त्यात नाही. पण दुबईचा विमानतळ सगळ्यांना उघडा होता, कोणीही या, उतरा, माणसं भरा आणि जा. गल्फ एअरला ते नको होतं. आम्हाला इथे जरा संरक्षण द्या, असं तिचं म्हणणं. दुबईने नाही म्हटलं, तशी गल्फ एअर दुबईच्या फेऱ्या कमी करत गेली. शेजाऱ्याने विहिरीवरचा रहाट काढून नेला की माणूस आपल्या परड्यात दुसरी विहीर खणतो, तसं झालं.

दुबईच्या राजघराण्यातले शेख मोहम्मद बिन रशीद यांनी काम सोपवलं मॉरिस फ्लॅनगन या ब्रिटिश माणसावर. तो तेव्हा ‘डनाटा’मध्ये होता, म्हणजे विमानतळावरचं सामान-तिकीट बघणारी दुबईची कंपनी. (भाच्याचा ‘ब्रिटिश’ इथून आला असणार.) अध्यक्ष केले शेख अहमद बिन सईद यांना, वय २६. हातात १ कोटी डॉलर आणि तयारीला साधारण पाच महिने. शिवाय पुन्हा पैसे मागायला यायचं नाही. पाकिस्तानच्या पीआयए कंपनीने एक एअरबस ए-३०० आणि एक बोइंग ७३७ भाड्याने दिलं. राजघराण्याच्या ताफ्यातली दोन ७२७ मिळाली. २५ ऑक्टोबर १९८५ ला पहिलं विमान उडालं, ईके ६००, दुबई ते कराची.

सुरुवातीची गावं कोणती? कराची, मुंबई, दिल्ली. पुढच्या वर्षी कोलंबो, ढाका, अम्मान, कैरो. लंडनचा नंबर लागला जुलै १९८७ मध्ये, पहिलं स्वतःचं ए-३१० आल्यावर. म्हणजे गोऱ्या साहेबाच्या आधी त्या विमानात बसले ते आपले गवंडी, फिटर, ड्रायव्हर, भटारी.

माझे बाबा १९७६ ला दुबईला गेले ते ‘द्वारका’ बोटीने. ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट, मुंबईहून निघून कराची, मस्कत, दुबई करत वर कुवेतपर्यंत जायची. बाबांचं तिकीट डेकचं. वळकटी घरची, बरोबर आईने बांधून दिलेलं कुळथाचं पीठ, सुके बांगडे नि आमसुलं. किती दिवस लागले हे ते दरवेळी वेगळं सांगतात, कधी पाच, कधी आठ. मधल्या खेपाही बोटीनेच. १९८६ च्या गणपतीला ते पहिल्यांदा विमानाने आले आणि विमानातला एक चमचा खिशात घालून आले. तो चमचा अजून आमच्या साखरेच्या डब्यात आहे. घरात त्याला ‘एमिरेट्स’ म्हणतात. "माझ्या चहात दोन एमिरेट्स घाल गो."

तर माझं म्हणणं असं की ही कंपनी आपल्या माणसांच्या जिवावर उभी राहिली, आणि हे कुणी लिहीत नाही. बोला.

मांडवी_एक्सप्रेस

धागा आवडला, शेवट पटला नाही.

गवंडी-फिटर तिकीट स्वतः काढत होते का? तिकीट काढायचा एजंट किंवा तिकडची कंपनी, आणि जे स्वस्त ते काढायचे. आमच्या वाडीतले निम्मे कुवेतला होते. ते एअर इंडियाने जायचे, नाहीतर कुवेतच्या विमानाने. दुबईवाल्यांतही एमिरेट्सने आलेला म्हणजे जरा मिजासवाला, बायकोसाठी सेंट आणणारा. मजुराच्या जिवावर उभी राहिली म्हणणं ऐकायला बरं वाटतं, एवढंच.

आणि गरज पडली तेव्हा कोण आलं होतं? १९९० ला सद्दाम कुवेतमध्ये घुसला, तेव्हा माझे काका तिथे होते. कुवेतहून बसऱ्यामार्गे बगदाद, तिथून अम्मान, सगळा प्रवास बसने. अम्मानहून एअर इंडियाने उचललं. ४८८ फेऱ्या, लाखाच्या वर माणसं, दोन महिन्यांत. काका मुंबईला उतरले ते अंगावरच्या कपड्यांवर. परळहून एसटी धरली, आणि कंडक्टरने खेडपर्यंतचे पैसे घेतले नाहीत. हे काका मरेपर्यंत सांगत होते. कुवेतबद्दल काही विचारलं की सुरुवात कंडक्टरपासूनच.

पडाव

द्वारकेचं नाव वाचलं आणि बसवेना. ‘द्वारका’ १९८२ ला मोडीत निघाली. तिच्या बरोबरीच्या ‘दुमरा’, ‘दारा’. दाराचं तर इकडे अजून काही घरांत श्राद्ध घालतात.

८ एप्रिल १९६१. बोट दुबईच्या बाहेर नांगरून होती. तेव्हा दुबईला मोठी बोट लागेल असा धक्काच नव्हता, माणसं होडीतून किनाऱ्याला न्यायची. वादळ आलं म्हणून कप्तानाने बोट खोल पाण्यात नेली. निरोप द्यायला चढलेली माणसं, हमाल, सगळे वरच राहिले. पहाटे स्फोट आणि आग. ८१९ जणांत २३८ गेले.

हे सांगतो अशासाठी की आखाताची वाट एमिरेट्सने काढली नाही. ती गलबतांची वाट आहे. इकडून लाकूड, तांदूळ, कौलं, तिकडून खजूर. मधल्या काळात सोनं पण, त्यावर मी इथे काही लिहिणार नाही, आमच्या किनाऱ्यावर भिंतींना नाही तर माडांना कान असतात. दुबईचा पहिला विमानतळ उघडला १९६० ला, आणि धावपट्टी कसली? चोपून घट्ट केलेल्या वाळूची. १८०० मीटर. डांबर पाच वर्षांनी आलं. त्या वेळी आपल्याकडे सांताक्रूझला बोइंग ७०७ उतरत होतं.

खाडीकाठ

@मांडवी, एजंटाचा मुद्दा मान्य. पण एजंटाने काढलं तरी खुर्चीत बसला कोण?

@पडाव, दाराबद्दल बाबा कधी बोलत नाहीत. आज विचारलं. "ती आधीची गोष्ट" म्हणाले आणि रेडिओ लावला.

सुरमई_फ्राय

माका एकच इचारूचा आसा. त्या दुमजली इमानात फर्स्ट क्लासवाल्यांका शॉवर आसा म्हणतत. पाच मिन्टा पाणी मिळता. आमच्या वाडयेत मे म्हयन्यात टँकर दोन दिसांनी येता आणि तेच्यातय अर्धो सरपंचाच्या दारात रिकामो होता. तर ह्या इमानाक टँकर रोज कसो गावता, तेवढा सांगा.

गेट_नंबर_सात

सुरमई, त्या टँकरवाल्याला विमानतळाचं गेट पार करायला आम्हाला लागतो तेवढाच पास लागतो, सरपंच मध्ये नसतो.

मी एकोणीस वर्षं मुंबईच्या विमानतळावर ग्राउंडला काढली (कोणत्या कंपनीत ते नको). आता गुहागरला बाग आणि दोन खोल्या पर्यटकांना. म्हणून दोन शब्द.

मूळ लेखात सगळं बरोबर आहे, पण १९८५ ची कंपनी आणि आजची कंपनी यांच्यामध्ये जे घडलं ते राहिलं. नुसत्या मुंबई-दुबईवर ती फार तर मध्यम कंपनी झाली असती. पैसा आहे तो अहमदाबादहून न्यूयॉर्कला जाणाऱ्यात, किंवा मँचेस्टरहून सिडनीला जाणाऱ्यात. त्याला दुबईशी काही देणंघेणं नाही, तो तिथे फक्त विमान बदलतो. एका देशातून माणूस उचलायचा, आपल्या दारात आणायचा, आणि तिसऱ्या देशात सोडायचा. या धंद्यात त्याला सहावं स्वातंत्र्य म्हणतात. ब्रिटनला आठ विमानतळांवरून विमान, भारताला नऊ गावांतून. सगळी विमानं थोड्या वेळाच्या अंतराने दुबईत उतरवायची, माणसं इकडची तिकडे करायची, आणि पुन्हा सगळी उडवायची. रात्री दीड-दोनला दुबईचं टर्मिनल ३ बघा, गणपतीच्या आदल्या दिवशीचं पनवेल स्टेशन वाटतं, फक्त थंड हवेचं.

हे जमतं कारण दुबई जागेवर बसली आहे. तिथून आठ तासांत जगाची दोन तृतीयांश वस्ती गाठता येते. लांब पल्ल्याची मोठी विमानं आली आणि त्या जागेचं सोनं झालं. १९९६ ला पहिलं बोइंग ७७७ आलं. आज जगात ७७७ सगळ्यात जास्त त्यांच्याकडेच.

दुसरं म्हणजे हिंमत. अकरा सप्टेंबरनंतर दोन महिन्यांनी, बाकीचे विमानं उभी करत होते आणि माणसं काढत होते, तेव्हा यांनी दुबई एअर शोमध्ये ५८ विमानांची ऑर्डर दिली. १५ अब्ज डॉलर. ए-३८०, म्हणजे ते दुमजली विमान, तर अख्ख्या जगात जेवढी झाली त्याच्या जवळपास निम्मी एकट्या यांनी घेतली, १२३. पहिलं जुलै २००८ ला. २०१९ ला यांनी ऑर्डर कापली आणि एअरबसने ए-३८० बनवणंच बंद करायचं जाहीर केलं. गिऱ्हाईक एवढं मोठं झालं की त्याने हात आखडला तर दुकान मिटतं.

मुंबईला एमिरेट्सचं ए-३८० पहिल्यांदा आलं ते जुलै २०१४ ला, पावसात. आमच्या पोरांना आधी सराव दिला होता. एरोब्रिज वरच्या मजल्याला लावायचा वेगळा, खालच्याला वेगळा. विमान थांबलं, इंजिनं बंद झाली, आणि रॅम्पवरचा आमचा एक पोरगा, लांज्याचा, छत्री मिटून तसाच भिजत बघत उभा राहिला. सुपरवायझर ओरडला तेव्हा चाकांना चोक लावायला धावला.

मांडवी_एक्सप्रेस

गेटसाहेब, ‘पुन्हा पैसे मागायला यायचं नाही’ हे पण सांगा पूर्ण. अमेरिकेच्या तीन मोठ्या कंपन्यांनी २०१५ ला बोंब मारली होती की आखाती कंपन्यांना सरकारं ४० अब्ज डॉलरच्या वर पैसे देतात.

गेट_नंबर_सात

बोंब मारली खरी, एमिरेट्सने प्रत्येक मुद्दा नाकारला, आणि २०१८ ला अमेरिका आणि अमिरातीच्या सरकारांनी समजुतीने मिटवलं. आम्ही फक्त वाढतो आणि सरकारला लाभांश देतो, असं त्यांचं म्हणणं. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण कोविडमध्ये दुबई सरकारने ३.१ अब्ज डॉलर घातलेच. २०२०-२१ ला तोटा ५.५ अब्ज डॉलरचा, तीस वर्षांत पहिला. पुढे पुन्हा विक्रमी नफा.

माझं मत विचाराल तर मालकाचाच विमानतळ, मालकाचीच कंपनी, मालकाचंच विमान वाहतूक खातं, आणि तिघांच्या बैठकीला एकच माणूस अध्यक्ष, हीच खरी सवलत. ती रुपयात मोजता येत नाही. आपल्याकडे धावपट्टीच्या कडेची झोपडी हलवायची तर पाच खात्यांच्या सह्या. बरं, झोपडीतल्या माणसाला विचारायचं असतं हेही बरोबरच आहे, म्हणून तुलना जपून करावी.

माहेरवाशीण

इतकी पुरुषमंडळी इंजिनं मोजतायत म्हणून मी बॅगेवर लिहिते.

सतरा वर्षं शारजात आहे, माहेर देवगडकडे. दुबई-मुंबई विमान तीन तासांचं. विमानात बसले की पोटात गोळा नसतो, तो येतो मुंबईत उतरल्यावर, कारण पुढे हायवे. पहाटे चारला बाहेर पडायचं, पनवेल, वडखळ, माणगाव, आणि माणगावला ट्रॅफिकमध्ये पोहे. दहा-बारा तासांनी घर. एक वर्ष एजंटाने ‘कनेक्टिंग’ म्हणून असलं तिकीट दिलं की मुंबईत रात्रभर बाकड्यावर, लहान मुलासकट. त्याने फोन उचलला तो तीन दिवसांनी. तेव्हापासून तिकीट मी स्वतः काढते.

ऑगस्ट २०१६ ला तिरुवनंतपुरमहून येणारं एमिरेट्सचं विमान दुबईत उतरताना आपटलं आणि पेटलं. आतले तीनशेच्या तीनशे वाचले. आग विझवणारा एक जवान गेला. त्या व्हिडिओत माणसं वरच्या कप्प्यातून बॅगा ओढताना दिसतात आणि सगळ्या जगाने त्यांना मूर्ख ठरवलं. मलाही राग आला. पण त्या बॅगेत काय असतं ते मला माहीत आहे. पासपोर्ट, करारपत्र, दोन वर्षांचं सोनं. बॅग घेऊ नये, शंभर वेळा घेऊ नये. तरी हात का जातो तेही कळतं.

मांडवींनी १९९० चं सांगितलं, कोविडमध्येही तसंच झालं. २५ मार्च २०२० ला एमिरेट्सची प्रवासी विमानं थांबली. ७ मे ला ‘वंदे भारत’ची पहिली विमानं अबू धाबी आणि दुबईहून निघाली, एअर इंडिया एक्स्प्रेसची, आणि दोन्ही गेली केरळला. आमच्या बिल्डिंगमधली मल्याळी शेजारीण खाली उतरताना म्हणाली, तुमचंही येईल. आलं, पण मुंबईपर्यंतच.

कातळ

ताईंनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. हा धागा एमिरेट्सवर आहे, पण मला राहवत नाही.

एमिरेट्स भारतात नऊ शहरांत उतरते: मुंबई, दिल्ली, अहमदाबाद, कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नई, कोची, तिरुवनंतपुरम. किनाऱ्याने खाली या. मुंबई झाली की थेट कोची. मध्ये सगळा कोकण, गोवा, कारवार, मंगळूर. केरळला दोन, आपल्याला शून्य. दोष एमिरेट्सचा नाही. दुबईबरोबरच्या करारात तिकडच्या कंपन्यांना आठवड्याला ६५ हजारांच्या आसपास जागा, आणि २०१४ पासून तो आकडा तिथेच आहे. ते वाढवा म्हणतात, दिल्ली म्हणते आधी आपल्या कंपन्यांना मोठं होऊ दे. त्यातही तथ्य आहे. १९४८ ला मुंबई-लंडन उडवणारी आपली कंपनी, आणि आज आपला माणूस लंडनला दुबईवरून जातो.

आता आपल्या दारात काय आहे ते बघा. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, धावपट्टी अडीच हजार मीटर, उतरली ती छोटी एटीआर. गोव्यात मोप्याचा जानेवारी २०२३ पासून सुरू आहे, सावंतवाडीकरांची सोय झाली. रत्नागिरीचा तटरक्षक दलाकडे आहे, आणि प्रवासी विमान ‘लवकरच’. हा ‘लवकरच’ मी दहावीत असल्यापासून ऐकतोय, माझा मुलगा दहावी झाला.

आणि एक जुनी गोष्ट. २९ ऑक्टोबर १९३५ ला टाटांनी मुंबई-तिरुवनंतपुरम टपाल विमान सुरू केलं, गोवा आणि कन्नूरला थांबत. म्हणजे आपल्या डोक्यावरून विमान गेल्याला नव्वद वर्षं झाली. डोक्यावरूनच जातं.

सुरमई_फ्राय

कातळानू, चिपीक मी गेल्लंय. विमान नाय दिसला, पण कॅन्टीनात भजी बरी होती.

चौदा_आणे

आंबा बागायतदार आहे, पावसच्या अंगाला. प्रवाशांबद्दल सगळे बोलले, विमानाच्या पोटाबद्दल कोणी बोललं नाही.

आमच्यासाठी ए-३८० कुचकामी. दोन मजले भरून माणसं, त्यांच्याच बॅगांनी खालचं पोट भरतं, मालाला जागा थोडी. मालाला खरं विमान ७७७. एप्रिलात वाशीचा निर्यातदार विचारतो तेव्हा आम्ही ‘किती पेट्या’ म्हणत नाही, ‘किती आणे’ म्हणतो (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार). स्थानिक बाजाराला चौदा आणे तयार झालेला काढायचा, बोटीने जायचा तर त्याहून कच्चा, विमानाने जायचा तर चौदाच्या जवळ नेता येतो, कारण तो दुसऱ्या दिवशी तिकडच्या दुकानात असतो. फरक देठाजवळ कळतो. खांदे भरलेले, देठाशी खळगा पडलेला, बोटाने टिचकी मारली की आवाज बसका. तो आंबा विमानाला द्यायचा. आखाताला अमेरिका-जपानसारखे प्रक्रियेचे सोपस्कार नाहीत, म्हणून छोटा बागायतदारसुद्धा तिथवर पोचतो.

पण भाडं चढलं की निर्यातदार लगेच बोटीकडे वळतो. म्हणजे पडाव म्हणतात ते खरं, वाट गलबताचीच. गेल्या साली माझा निम्मा माल कंटेनरने गेला. खाडीकाठच्या बाबांसारखाच, डेकवरून.

मांडवी_एक्सप्रेस

हे मस्त. आंबा डेकवर, आपण खिडकीत.

खाडीकाठ, तो चमचा बघायचाय. फोटो टाका. १९८६ चा एमिरेट्सचा चमचा म्हणजे वस्तुसंग्रहालयात जायचा ऐवज.

गेट_नंबर_सात

+१. दांड्याच्या मागच्या बाजूला छाप असतो. साखर खरवडून बघा.

खाडीकाठ

उशीर झाला, वीज नव्हती.

चमचा चिंच लावून घासला. मागे छाप निघाला. इंग्रजीत आणि अरबीत, दोन्हीत. गल्फ एअर.

बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, चमचा उजेडात धरला, उलटसुलट केला. मग म्हणाले, "हो, बहारीनला बदललं होतं विमान. त्या वर्षी एमिरेट्सचं तिकीट महाग होतं." म्हणजे मांडवी, तुम्ही जिंकलात, निदान आमच्या घरापुरतं.

आईला सांगितलं, आता नाव बदलायला हवं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "चाळीस वर्षं एमिरेट्स म्हणतेय, आता गल्फ एअर कोण म्हणणार? धुऊन ठेव डब्यात."